सहा आठवडे आणि नारळी पौर्णिमा

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात अस्थिरोगाचं पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचं असतं. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर म्हणजे युनिटचे पाय. रक्तपेढीतून बाटल्या आणायच्या, हरवलेले एक्स-रे शोधायचे, भूलतज्ज्ञांकडून फिटनेस मिळवायचा, वॉर्डातल्या मामा-मावशींची मर्जी सांभाळायची. दुसऱ्या वर्षी तो हात होतो. तिसऱ्या वर्षी त्याला डोकंही असावं, असं वरिष्ठ हळूहळू मान्य करतात.

मी दातिवऱ्याचा. वैतरणा समुद्राला मिळते तिथलं हे गाव, पाण्यापलीकडे अर्नाळा. इथून मुंबईला शिकायला गेलो तेव्हा वाटलं होतं, ऑपरेशन थिएटरात खूप शिकायला मिळेल. मिळालंही. पण निवासी डॉक्टरची खरी शाळा भरते ती इमर्जन्सीच्या दिवशी. निवासी डॉक्टरांनी एका वेळी बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम करू नये, असं केंद्र सरकारने 1992 सालीच सांगून ठेवलंय. त्या कागदाची आणि इमर्जन्सीच्या दिवसाची गाठ सहसा पडत नाही.

अशा रात्रींत एक गोष्ट अंगवळणी पडते. दुखापत बघून धंदा ओळखता येतो. बोटं चेंगरलेली असली की यंत्र. आमच्या बाजूचा माणूस असला तर बहुधा बोईसर-तारापूरचा कारखाना. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं की दुचाकी आणि हायवे. उंचावरून टाचांवर आपटलेला माणूस आला, की फक्त टाचेचा एक्स-रे काढून थांबायचं नाही, पाठीच्या कण्याचाही काढायचा, हे पहिल्याच महिन्यात मनावर ठसवलं जातं. टाचेवर बसलेला मार वर चढत मणक्यापर्यंत जातो. मला ते पाठ करावं लागलं नाही. ताडीच्या झाडांच्या गावात वाढलेल्या मुलाला झाडावरून पडलेली माणसं ठाऊक असतात. त्यातली काही पुन्हा उभी का राहिली नाहीत, एवढंच रुग्णालयात नव्याने कळलं.

मग प्लास्टर. ओलं प्लास्टर बोटांनी दाबायचं नाही, तळहातावर पेलायचं. बोटाचा खळगा आत उमटला तर तिथे कातडीला जखम होते. प्लास्टर झाल्यावर पेशंटला बोटं हलवायला सांगायची, आपणही ती हलकेच ताणून बघायची. ताणताना तो कळवळला तर आतला दाब वाढतोय, प्लास्टर चिरायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. हाडवैद्याने बांबूच्या काड्या करकचून बांधलेला हात निळा पडून आला, की आम्ही सगळे हाडवैद्यावर चिडायचो. तरी लोक त्याच्याकडे का जातात, हा प्रश्न मला गावामुळे सोडता येईना. तो जवळ असतो, त्याच दिवशी घरी पाठवतो, आणि सणावाराच्या, हंगामाच्या भाषेत बोलतो.

आमची भाषा वेगळी होती. पेशंटला घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड लिहायचं काम सगळ्यात धाकट्याचं, म्हणजे सगळ्यात कमी झोपलेल्याचं. वरच्या ओळींत फ्रॅक्चरचं नाव, ऑपरेशन, औषधं. शेवटची ओळ ठरलेली : सहा आठवडे पायावर भार देऊ नये, नंतर ओपीडीत दाखवावे.

आमच्याच पट्ट्यातला एक खलाशी जुलैच्या सुरुवातीला असं कार्ड हातात घेऊन मला म्हणाला, “पुनवेला होडीवर चढू ना, डॉक्टर?” किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, डागडुजी चालू. तो तसल्याच होडीवरून खाली पडला होता. बंदी उठते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो आणि वर्षाची कमाई सुरू होते. त्याच्या हिशेबात हाड मोडायला हाच बरा मोसम होता. माझ्या हिशेबात सहा आठवडे ऑगस्टच्या मध्यावर संपत होते, आणि तेही रुग्णालयाच्या सपाट फरशीसाठी. हलत्या फळीवर पाय रोवून जाळं ओढायला किती आठवडे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ओपीडीत दाखवणं म्हणजे काय, तेही त्या ओळीत मावत नाही. दातिवऱ्याहून कोरे, एडवण करत सफाळं गाठायचं, कुबड्यांवर पूल चढायचा, डहाणूची लोकल पकडायची. 2013 पासून लोकल इथवर येते, ही सोय खरीच. पण तिच्यात शिरायला दोन्ही पाय शाबूत लागतात. मग केसपेपरची रांग, एक्स-रेची रांग, परत तोच प्रवास. सोबत आलेल्याची मजुरीही बुडते. म्हणून पुष्कळजण येत नाहीत. घरीच प्लास्टर भिजवून कोयत्याने कापतात. आमच्या वहीत नोंद होते : पेशंट फॉलोअपला आला नाही.

या नोंदीची टोचणी लागली, की मला ह्यू ओवेन थॉमस आठवायचा. ज्याच्या नावाची स्प्लिंट आजही आमच्या वॉर्डात असते तो. वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला हा माणूस रीतसर डॉक्टर झाला आणि एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या गोदी कामगारांत, जहाजं बांधणाऱ्यांत त्याने आयुष्य घालवलं. रविवारी गरिबांना फुकट तपासायचा. विश्रांती हवी, सक्तीची आणि दीर्घ, असा त्याचा हट्ट. तरी त्याने असेही कॅलिपर घडवले, की विश्रांती सांध्याला मिळावी आणि माणूस हिंडता राहावा. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणं आपल्या पेशंटला परवडणारं नाही, हे त्याला रोजच दिसत असणार. पुढे 1939च्या सुमाराला क्युन्चर या जर्मन सर्जनने मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालायला सुरुवात केली. ट्रॅक्शनच्या वजनांना लटकून तीन महिने काढणारा माणूस आता काही दिवसांत कुबड्यांवर उभा राहतो. या नेलिंगवर हात बसला, की तरुण सर्जनला तंत्राचा अभिमान वाटतो. मला त्या सळईत वाचलेले खाडे दिसतात.

एमएसच्या प्रात्यक्षिक परीक्षेत लाँग केस असते. पेशंटला तपासायचं, निदान मांडायचं, मग परीक्षक वर्गीकरण विचारतात, सळई की प्लेट विचारतात, हाड जुळलंच नाही तर काय कराल विचारतात. प्रश्न रास्त आहेत. त्यांत एकाची भर घालावी : हा माणूस कामावर कधी जाईल, आणि तोवर त्याचं घर कोण चालवेल? उत्तर पुस्तकात सापडणार नाही, पेशंटच्या खाटेशी बसून विचारावं लागेल. ज्याला ते देता येणार नाही, त्याचे मार्क कापावेत. निवासी डॉक्टर मार्कांसाठी काय वाटेल ते शिकतात, हेही शिकतील.