वाटेवरचा विसावा

आमच्या टेबलाच्या काचेखाली एकोणिसाव्या शतकातील एका एचिंगची छापील प्रत आहे. फ्रेंच चित्रकार ल्यूक-ऑलिव्हिए मर्सन यांनी १८७९ साली पवित्र कुटुंबाच्या मिसर देशाकडील प्रवासातील विसावा रंगविला. हे एचिंग त्याच चित्रावरून केलेले आहे. वाळवंटातील रात्र. स्फिंक्सच्या दगडी बाहूंत बाळाला कुशीत घेऊन निजलेली पवित्र मरिया. खाली वाळूवर आडवा झालेला योसेफ. शेजारी गाढव आणि विझत्या विस्तवातून सरळ वर चढणारी धुराची रेघ.

मत्तयकृत शुभवर्तमानात योसेफाचे स्वप्न आहे, रातोरात निघणे आहे; विसाव्याविषयी मात्र एक शब्दही नाही. ती रिकामी जागा भाविकांनी आपल्या मायेने भरली.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेघा ओढतात. आम्लाने रेघा तेवढ्या खोल होतात व शाई धरतात. उजेड कोणी काढीत नाही. जिथे सुई लागली नाही, तिथला कोरा कागदच उजेड होतो. बाळाभोवतीचे तेजही तसेच.

काही वर्षांपूर्वी पवित्र कुटुंबाच्या सणाच्या रात्री आम्ही मोहोळहून परतत होतो. ऊसतोडीचा हंगाम होता. बीड-धाराशिवकडची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन इकडे येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. रस्त्याच्या कडेला बैलगाड्या सोडलेल्या होत्या. तीन दगडांच्या चुलीतून धूर निघत होता. गाडीखाली एक माउली लेकराला पदराखाली घेऊन निजली होती. एका गड्याने रिकामा डबा उंचावून हात केला. उशीर झाला होता. आम्ही गाडी थांबविली नाही. सकाळीच आम्ही पवित्र कुटुंबावर प्रवचन केले होते!

खोलीत आल्यावर काचेखालचे चित्र पाहवेना. पहाटे पाण्याचे दोन कॅन घेऊन गेलो. तळ हलला होता. दगड काळे आणि राख अजून कोमट होती.

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयीच्या आपल्या दस्तऐवजात मिसरातील पवित्र कुटुंबाला प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श म्हटले. ते आम्ही सेमिनरीत वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. समजले मात्र त्या राखेपाशी.

आता हंगामात आमच्या गाडीत पाणी असते. ही काही मोठी सेवा नव्हे. पण प्रिय वाचकहो, योसेफानेही वाटेत कुणाकडे तरी पाणी मागितलेच असेल. ते देणाऱ्याचे नाव शुभवर्तमानात नाही. ती जागा अजून कोरीच आहे.