नववा शुक्रवार

लहानपणी आमच्या वसईच्या घरी स्वर्गाचा हिशेब कॅलेंडरवर ठेवलेला असे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सेला जायचे, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा आणि घरी येऊन त्या तारखेभोवती वर्तुळ काढायचे. माझे तांबड्या पेन्सिलीचे, आजीचे निळ्या. असे ओळीने नऊ महिने पार पडले, की मरतेवेळी देवाची कृपा अंतरायची नाही! फ्रान्समधल्या मार्गारेट मेरी आलाकोक या धर्मभगिनीला सतराव्या शतकात येशूच्या पवित्र हृदयाचे दर्शन झाले, त्यातले हे अभिवचन. खंड पडला, की पुन्हा एकपासून.

माझे आठ बिनबोभाट झाले. नववा आला ऑगस्टच्या पावसात. आजी मागून सावकाश येत होती. मी केळीच्या वाड्यांमधून चिखल तुडवीत पुढे धावलो, तो बांधावर शेजारची भाजीवाली घसरून पडलेली. मुंबईच्या गाडीसाठी निघालेली पाटी उपडी झाली होती, वांगी पाण्यावर तरंगत होती. तिने हात पुढे केला. नेमकी तेव्हाच घंटा वाजली. "आत्ता येतो, मावशी," म्हणालो आणि पळालो.

घरी येऊन ऐटीत नववे वर्तुळ काढले. आजी उशिरा आली, लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. "बांधावर तुला कोणी दिसलं नाही का रे?"

"नाही," मी म्हणालो.

त्या महिन्यात निळे वर्तुळ पडले नाही. तो तिचा सातवा होता.

पुढे प्रायश्चित्ताला गुडघे टेकले, तेव्हा खोटे बोललो हे फादरांना सांगितले. हात दिला नाही, हे सांगितले नाही; ते पाप आहे हे मला ठाऊकच नव्हते. १९६४ साली व्हॅटिकन परिषदेने आपल्या 'लुमेन जेन्तियुम' या लेखात म्हटले आहे, की देवाला माणसे एकेकटी तारायची नाहीत, त्यांची एक प्रजा घडवायची आहे. मी ते वाचले फार उशिरा.

नऊ शुक्रवारांची टिंगल करणारे मला पुष्कळ भेटतात. मला ती जमत नाही. त्या हिशेबाच्या लोभाने का होईना, दरमहा गुडघे टेकायची सवय लागली. नाहीतर मी कुठला टेकतो! पण आजीचे नऊ मात्र कधीच पुरे झाले नाहीत. चौथ्याला कुणाचे बाळंतपण, आठव्याला कुणाचा ताप. पुढच्या महिन्यात ती मुकाट्याने निळी पेन्सिल शोधू लागे.

अजून पहिल्या शुक्रवारी मी जातो. घंटा ऐकली की पाय आपोआप भरभर पडू लागतात. तो बांध आता राहिलेला नाही, तिथे इमारत आहे. तरी तिच्यापाशी आलो की चाल मंदावते.