एन्झाइम बांधताना

एन्झाइम सर्किटला जोडायचं म्हणजे सगळी मदार गाठीवर. ती सुटता कामा नये, आणि रेणूची हालचालही तिने अडता कामा नये. माझ्या कामातला बराचसा वेळ या दोन अटींचा मेळ घालण्यात जातो.

सर्किटमधली तार म्हणजे कार्बन नॅनोट्यूब, जेमतेम एक-दोन नॅनोमीटर जाडीची नळी. तिच्या अंगावर पायरीनची चार सपाट कडी घट्ट चिकटून बसतात आणि त्याला जोडलेलं मॅलिमाइड एन्झाइममधल्या सिस्टीनचं गंधक धरतं. तेव्हा सिस्टीन कुठे ठेवायचं, हा पहिला निर्णय. खारट द्रावणात विद्युतभाराचा प्रभाव साधारण नॅनोमीटरभरच पोचतो. पुढे आयन तो झाकून टाकतात. म्हणून एन्झाइमचा हलणारा भार नळीपासून त्या टप्प्यात हवा आणि एन्झाइमचं क्रियास्थळ द्रावणाकडे मोकळं हवं. एन्झाइमचं द्रावण विरळ घेऊन वेळेवर धुतलं, तर नळीवर एकच रेणू राहतो.

एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाचं द्रावण मी आधी एन्झाइम नसलेल्या नळीवर सोडून पाहते. तिथे नळीतल्या विद्युतधारेची रेषा स्थिर राहिली, तरच पुढच्या उड्यांवर विश्वास ठेवते. एन्झाइमची बिजागरीसारखी घडी मिटली की भार सरकतो आणि रेषा एका पातळीवर जाते, उघडली की दुसऱ्या.

अर्वाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फिलिप कॉलिन्स आणि ग्रेगरी वाइस यांच्या गटांनी जिवाणूंची भिंत तोडणारं लायसोझाइम असंच बांधलं. 2012 साली ते काम ‘सायन्स’मध्ये आलं. चमकणारा रंग लावून रेणू पाहायचा तर तो रंग लवकर विझतो. इथे एकाच रेणूची नोंद सलग 10 मिनिटं मिळाली. सेकंदाला 15 या गतीने तो सरासरी 100 बंध ओळीने तोडायचा, मग सेकंदाला 330 वेळा नुसताच उघडमीट करत राहायचा.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पीएचचा निष्कर्ष. पीएच बदलला की परीक्षानळीत लायसोझाइमचं काम घटतं. एन्झाइम मंदावलं, असंच कुणीही म्हणेल. या नोंदीत बंध तोडण्याची गती तशीच होती. रेणूचा जास्त वेळ रिकाम्या उघडमिटीत किंवा मिटून बसण्यात जात होता. कामगाराचा हात तितकाच चपळ, कामावरचे तास मात्र कमी.

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर असंख्य रेणूंची एकत्रित धारा मोजली जाते आणि साखर कळायला तेवढं पुरतं. पण एखादं औषध एन्झाइमची गती कमी करतं की त्याला कामापासूनच दूर ठेवतं, हे त्या बेरजेतून कळत नाही. ते एकेका रेणूवरच पाहावं लागतं. गाठ बांधताना मी एवढा जीव ओतते तो त्यासाठीच.