एकटीला खिडकी कशाला?

ताई आणि भावोजींच्या खोलीला समुद्राकडे उघडणारी बाल्कनी होती आणि तिचे माणशी १५०० डॉलर पडले. माझ्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती आणि तिचे मी १८०० भरले. हे ज्यांना सांगते त्यांना वाटतं, बोलताना माझ्याकडून आकड्यांची अदलाबदल झाली. झालेली नाही. सगळी नोकरी बँकेत गेली. हा हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलाय.

क्रूझचं भाडं माणशी छापलेलं असतं, पण ते एका खोलीत दोघं राहणार असं धरून. एकटं माणूस आलं, की न आलेल्या दुसऱ्या माणसाचं भाडंही बहुतेक कंपन्या त्याच्याकडूनच वसूल करतात. आतली खोली माणशी ९००, म्हणजे मला १८००. बाल्कनी घेतली असती तर ३०००. बंदराचे कर तेवढे एकटीचे एकदाच.

सफर अलास्काची होती, सिएटलहून निघून सिएटललाच परत. भाची तिथे नोकरीला आहे, तिनेच सगळं ठरवलं. अमेरिकेचा व्हिसा आमच्याकडे होता, कॅनडाचा वेगळा काढावा लागला, कारण परतीच्या वाटेवर जहाज व्हिक्टोरियाला लागतं. ते लागायलाच हवं असतं. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी वाहू नयेत असा १८८६ चा कायदा आहे, म्हणून मध्ये एक परदेशी बंदर घेतात. भारतीय पासपोर्टवर आईवडिलांना नेणाऱ्या मुलांनी खोली निवडण्याआधी हे बघावं. अमेरिकेचा व्हिसाही अनेक वेळा प्रवेश देणारा हवा, नाहीतर परतताना अडचण येऊ शकते.

खोल्या ठरल्या त्या संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो. भाचीने जहाजाचा नकाशा दाखवला. ताईची खोली नवव्या मजल्यावर, पुढच्या अंगाला. माझी चौथ्या मजल्यावर, मधोमध, चारही बाजूंनी भिंती. मी विचारलं, "मला बाल्कनी किती लागेल?" तर आकडा सांगायच्या आधी भाची म्हणाली, "मावशी, तू एकटीच तर आहेस. खोलीत फक्त झोपायला जायचं. एकटीला खिडकी कशाला?" भावोजी लगेच म्हणाले, "अगदी बरोबर. उगाच दुप्पट पैसे घालवायचे." ताई काही बोलली नाही.

मी म्हटलं, "मग असं करू. ताई आणि मी बाल्कनीच्या खोलीत राहतो. भावोजी, तुम्ही आतल्या खोलीत राहा. खोलीत झोपायलाच तर जायचंय."

क्षणभर कुणीच बोललं नाही आणि मग तिघंही हसले. मी थट्टा केलेली नव्हती. बाल्कनीचे दोघांचे ३०००, आतल्या खोलीचे १८००, एकूण ४८००. कोण कुठल्या खोलीत झोपतं यावर त्यातला एक डॉलरही बदलत नव्हता. दोघी सख्ख्या बहिणी, लग्नाआधी एका गादीवर झोपलेल्या, आठवडाभर एका खोलीत राहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? ती सूचना चुकीची आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी वाद तरी घातला असता. पण कुणी ती विचारातच घेतली नाही. नवरा-बायको एका खोलीत आणि उरलेलं माणूस उरलेल्या जागेत, ही मांडणी नकाशा उघडण्याआधीच झालेली होती.

ही मांडणी मला नवी नाही. लग्नकार्यात, देवदर्शनाला, गावच्या घरात, जोडप्यांच्या खोल्या आधी ठरतात. मग लहान मुलं असलेल्यांच्या. मग म्हातारी माणसं. न लग्न केलेली मावशी किंवा आत्या हॉलमध्ये पोरांच्या रांगेत, नाहीतर दाराशी. आयुष्यभर मी ते मनाला लावून घेतलं नाही, कारण तिथे मी पाहुणी असायचे. इथे पैसे माझे होते. आणि माझे पैसे सगळ्यांत जास्त होते. माझ्यासारख्या कितीतरी बायका आता आपापल्या पेन्शनवर फिरतात. त्यांना मी सांगते, खोल्यांची बोलणी सुरू व्हायच्या आधी आपला आकडा आपण विचारून घ्या. दुसऱ्याने आपल्या वतीने काटकसर करू नये.

३००० मात्र मला जड होते, ते मी दिले नाहीत.

आतली खोली म्हणजे दार लावून दिवा घालवला की डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही. सकाळ झाली की नाही हे घड्याळ सांगेल तेव्हा कळायचं. पहिल्या रात्री छातीवर दडपण आलं. माझी खोली आवरायला येणारा मुलगा गोव्याचा होता, बार्देशातला. जहाजांवर गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. त्याच्या कोकणीत आणि माझ्या मराठीत आमचं छान जमलं. तो म्हणाला, "आंटी, टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल आहे. आवाज बंद करून ते रात्रभर लावून ठेवा. पहाट झाली की खोलीत उजेड येईल." तेवढ्याने फार फरक पडला. भिंती पोलादाच्या असतात, त्यांना लोहचुंबक चिकटतं, हेही त्यानेच दाखवलं. टोपी, कार्ड, कागद सगळं भिंतीवर राहिलं. त्याची स्वतःची खोली कुठे आहे असं विचारलं तर म्हणाला, पाण्याच्या पातळीच्या खाली, दोघांत एक, आणि करार संपेपर्यंत महिनोन्‌महिने तीच. ते ऐकल्यावर मला माझी तक्रार बोलून दाखवायची लाज वाटली. तक्रार मात्र तशीच राहिली. त्याला खिडकी मिळायला हवी आणि मलाही.

सिएटल सोडल्यावर जहाज व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून वर गेलं. त्या रात्री ताईला बोट लागली. नवव्या मजल्यावर, पुढच्या टोकाला जहाज सगळ्यांत जास्त वरखाली होतं. खाली आणि मध्यावर हालचाल सगळ्यांत कमी. माझ्या खोलीत पाण्याचा पेला जागचा हलला नाही. मी आलेपाकाच्या वड्या घेऊन वर गेले तेव्हा ताई बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलेली होती आणि भावोजी बाल्कनीचं दार उघडायला धडपडत होते; वारा एवढा होता की ते उघडेना. ताईला मी खाली माझ्या पलंगावर आणून झोपवलं. सकाळपर्यंत ती गाढ झोपली.

आणि झोप मलाही लागली, पुढच्या सगळ्या रात्री. आई गेल्यापासून मला सलग झोप नव्हती. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो. बाल्कनीवाले जाड पडदे ओढून, चिमटे लावून अंधार करत होते. माझ्याकडे तो आयताच होता. इतकी शांत झोप मला घरीही मिळालेली नाही. बाल्कनीसाठी मी इतकी हट्टाला पेटले होते, तीच मी हे लिहितेय, पण जे झालं ते झालं.

तरी बाल्कनीचं मोल काय, ते मला ताईच्या दारात उभं राहून कळलं. ताई रोज म्हणायची, "अगं, ये ना, आमची बाल्कनी ती तुझीच." मी जायचे. दार वाजवायचं. भावोजी बनियनवर असले तर थांबायचं. आत बाल्कनीत खुर्च्या दोन. मी बसले की ताई बसायची, भावोजी दारात उभे राहायचे आणि थोड्या वेळाने मीच उठायचे. स्कॅगवेहून निघाल्यावर दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर होते, त्यांच्यावरून धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. भावोजी म्हणाले, "चला, जेवायची वेळ झाली." ती खोली त्यांची होती, त्यांनी दार लावलं. मला अजून बसायचं होतं, पाय वर घेऊन, कुणाशी न बोलता. तेवढ्यासाठी स्वतःचं दार लागतं. वर सार्वजनिक डेक आहेच, असं सगळे सांगतात. आहे. तिथे गाणी लावलेली असतात आणि शेजारचा माणूस तुम्ही कुठल्या, एकट्याच का, हे विचारतो.

लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्गला बोटीने जायचो. आमचं तिकीट डेकचं. वळकटी पसरायची, ट्रंक उशाशी, पहाटे कठड्याशी उभं राहून किनाऱ्यावरचे दिवे बघायचे. खालच्या डेकवर माणसं इंजिनाच्या वासात कोंडलेली असत, हेही आठवतं. पण वर जागा धरली तर स्वस्तातल्या तिकिटालाही समुद्र होता. आता समुद्र वेगळा विकला जातो. बाहेरच्या खोल्या सगळ्यांना देता येत नाहीत असं नाही. १९८४ मध्ये आलेल्या रॉयल प्रिन्सेसवर एकही आतली खोली नव्हती. २०१० मध्ये नॉर्वेजियन एपिकवर एकट्या प्रवाशांसाठी छोट्या खोल्या काढल्या, दुसऱ्याचं भाडं न लावता. चांगली सुरुवात होती. पण त्या खोल्यांची खिडकी उघडत होती कॉरिडॉरकडे. एकट्यांचा पहिल्यांदा विचार केला तेव्हाही समुद्र दुसऱ्यांनाच दिला.

ग्लेशियर बेच्या दिवशी मी पहाटेच पुढच्या उघड्या डेकवर जाऊन कठडा धरला. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून सांगत राहतात. १७९४ मध्ये इथे बर्फाची भिंत खाडीच्या तोंडाशीच होती. आज तिथून शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. दीडेक किलोमीटर रुंद भिंत, निळसर. तिचा एक कडा सुटताना आधी दिसतो, पाण्यात पडतो, आणि त्यानंतर आवाज येऊन पोचतो. डेकवर शेकडो माणसं होती आणि त्या वेळी कुणी बोललं नाही. ताई बाल्कनीत होती. तिची बाजू हिमनदीकडे यायला जहाज वळावं लागलं. ते वळतं, दोन्ही बाजूंना दाखवतं, पण तोवर तिला समोरचा डोंगर तेवढा दिसत होता. शेवटी तीही शाल गुंडाळून वर आली.

रात्री जेवताना भावोजी म्हणाले, "बघ, तुझं काही अडलं का?"

नाही अडलं. जे बघायला एवढ्या लांब गेलो ते मला त्यांच्यापेक्षा चांगलं दिसलं. म्हणून मी गप्प बसले, आणि त्यांना वाटलं मला पटलं.

आता ओळखीतले लोक मला विचारतात, बाल्कनी घ्यावी की आतली खोली. मुंबईहून गोव्याला दोन-तीन रात्रींची क्रूझ असेल, तर मी आतली म्हणते; जहाज रात्री चालतं, बाहेर काळोख आणि खारट दमट हवा. अलास्का किंवा नॉर्वेला, जिथे किनारा दिवसभर सोबत चालतो, तिथे दोघं असाल आणि परवडत असेल तर बाल्कनी घ्या, पण मधल्या भागातली आणि फार उंच नको. तलावाच्या किंवा जेवणाच्या डेकच्या बरोबर खालची घेऊ नका, पहाटे वर खुर्च्या ओढतात. फार स्वस्त बाल्कनी दिसली तर तिच्यासमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, ते नकाशात बघा. खोलीचा क्रमांक न देता नुसता प्रकार ठरवून देणारं तिकीट स्वस्त असतं, त्यात कुठली खोली येईल ते तुमच्या हातात नसतं. आणि बोट लागत असेल तर बाकी सगळं विसरून खालची, मधली खोली घ्या.

एकटे असाल तर काय, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

ताई आता म्हणतेय, पुढच्या वर्षी नॉर्वे, गाइरांगरचा फ्योर्ड, आणि भावोजी गुडघ्यांमुळे येणार नाहीत, तर आपण दोघी बाल्कनीच्या खोलीत राहू. म्हणजे माझीच जुनी सूचना. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिथे जूनमध्ये रात्र धड होत नाही, आणि मला तो अंधार, ती एकटीची झोप पुन्हा हवी आहे. बाल्कनीही हवी आहे. भाचीला दोन्हींचे भाव मागितले. तिने या वेळी काही न बोलता पाठवले: एकटीचा भाव दोन्हीकडे दुप्पटच.

मी कंपनीला लेखी विचारलं. माझ्या नावावर दुसऱ्या माणसाचं जेवण धरलेलं आहे, ते कुणी जेवत नाही. दुसरा टॉवेल धुवावा लागत नाही. मग निदान तेवढे तरी पैसे का वजा होत नाहीत? उत्तर आलं की हे त्यांचं धोरण आहे आणि माझ्या अभिप्रायाबद्दल ते आभारी आहेत. मी पुन्हा लिहिलंय, या वेळी आकडे मांडून.