भिंतीची ओल

फ्यूजनसाठी प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून धरणारं यंत्र, म्हणजे टोकामॅक, म्हटला की सगळे चुंबकांची चौकशी करतात. मी आधी भिंतीची करतो. पोलादपूरच्या माणसाला ओल ओळखायला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे श्रावणात चुलीवरच्या दोरीवर टाकलेले कपडेसुद्धा दमटच राहतात.

गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला ‘आदित्य’ टोकामॅक 1989 सालचा, देशात घडवलेला. बांगडीच्या आकाराचं पोलादी पात्र, भोवती चुंबकांची 20 वेटोळी. पात्र निर्वात करून आत चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि मधल्या ट्रान्सफॉर्मरने वीसेक व्होल्ट द्यायचे. अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, वायूचा प्लाझ्मा होतो आणि त्यातूनच हजारो अँपिअर वाहू लागतात. हा प्रवाह हवाच. नुसत्या वेटोळ्यांच्या वाकड्या क्षेत्रात धन कण एकीकडे सरकतात, ऋण दुसरीकडे, आणि त्या ओढाताणीत सगळा प्लाझ्मा बाहेर फेकला जातो. प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र बलरेषांना पीळ घालतं, तेव्हा कुठे तो थारतो. तोही किती? आमचा हिशेब मिलिसेकंदांचा.

आता भिंत. दुरुस्तीसाठी पात्र उघडलं की पोलादावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. पंप लावून तो लवकर हटत नाही. तासन्‌तास हायड्रोजनचा ग्लो डिस्चार्ज चालवून खरवडावा लागतो. कंटाळवाणं काम, सिद्धांतवाले त्याला झाडलोट म्हणतात. म्हणोत बापडे. ती चुकवली तर शॉटमध्ये, म्हणजे प्लाझ्मा पेटवण्याच्या एका फेरीत, भिंतीतून ऑक्सिजन सुटतो, प्लाझ्माच्या काठाशी चमकत राहतो आणि उष्णता प्रकाशावाटे उधळतो. काठ थंडावला की प्रवाह मध्याकडे आक्रसतो, मग डळमळतो, आणि शॉट संपला. चुंबक मात्र ठणठणीत!

मोठ्या टोकामॅकांचीही गोष्ट भिंतीचीच. ब्रिटनच्या ‘जेट’मध्ये कार्बनची भिंत ट्रिटियम हे इंधन धरून ठेवायची. 2011 मध्ये ती बदलून बेरिलियम आणि टंगस्टनची केली. 2023 मध्ये 69 मेगाज्यूल फ्यूजन ऊर्जेचा विक्रम झाला तो त्याच भिंतीआड. फ्रान्समधल्या ‘ईटर’नेही त्याच वर्षी आतल्या भिंतीसाठी बेरिलियम सोडून टंगस्टनकडे वळायचं ठरवलं.

आमच्या पोलादपूरशेजारी महाडच्या एमआयडीसीत रसायनांच्या रिअॅक्टरवर व्हॅक्यूम सांभाळणारे, फ्लँजची गळती हुडकणारे फिटर आहेत. जवळच लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. इथल्या मुलामुलींनी फ्यूजन म्हणजे नुसती समीकरणं असं समजून लांब राहू नये. ज्याला स्वच्छ वेल्ड मारता येतो आणि बारीक गळती सापडेपर्यंत दम धरता येतो, अशा माणसाची या कामात कायम टंचाई असते. भरतीची जाहिरात निघाली की अर्ज करा.