आज लेझर करायचं नाही

लेझरबद्दल माझं मत कित्येक वर्षं पक्कं होतं. त्याने कातडी भाजते, पुढे कॅन्सर होतो, आणि ज्यांना दिसण्यापलीकडे काही सुचत नाही अशाच बायका ते करून घेतात. यातलं एकही वाक्य मी कुठे वाचलं नव्हतं, कुठल्या डॉक्टरला विचारलं नव्हतं. तरी माझ्या मुलीने बारावीनंतर पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हा तिन्ही वाक्यं मी तिला एका दमात ऐकवली. वर म्हणाले, "शिकलेल्या मुलीला असले नाद शोभत नाहीत." ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं असणार.

हे तिला विचारूनच लिहिते आहे. "लिही, फक्त माझं नाव नको," एवढंच ती म्हणाली.

तिला पीसीओडी आहे. शरीरात पुरुषी संप्रेरकांचा जोर वाढला की हनुवटीवर, जबड्याच्या कडेला जाड काळे केस यायला लागतात, तसे तिला आले. त्यात त्वचा अतिशय नाजूक. थ्रेडिंग केलं की दोन दिवस लाल पुरळ, ब्लीचने आग, वॅक्सिंगनंतर बारीक फोड आणि फोड गेले की त्या जागी काळे ठिपके. माझ्या विरोधाचा सगळा भार या नाजूकपणावरच होता. जिला साधा दोरा सोसत नाही तिला लेझर काय सोसणार? हा तर्क मला बिनतोड वाटायचा.

भीती अगदीच निराधार होती असंही नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी गालांवरचे केस एका पार्लरमधून 'लेझरने' काढून घेतले होते. त्यांच्या दोन्ही गालांवर आयताकृती तपकिरी पट्टे उमटले, यंत्राचं तोंड जिथे जिथे टेकलं होतं तिथे तिथे. ते जायला वर्ष गेलं. ते यंत्र लेझरचं नव्हतंच, आयपीएल नावाच्या झगझगीत दिव्याचं होतं, हे मला फार नंतर कळलं. त्या दिव्यातून अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकदम बाहेर पडतो, आणि सावळ्या त्वचेवर तो अंदाजाने वापरला तर भाजतंच. पण तेव्हा मला ते पट्टे पुरेसे होते. मी मुलीला ते दाखवले सुद्धा.

लेझरला नाही म्हणताना मी तिला दुसरं काय दिलं, तर आधी डाळीचं पीठ, मसुरीचा लेप, हळद. मग शेजारच्या वहिनींनी सांगितलेलं एक क्रीम. मेडिकलमध्ये नाव सांगितलं की मिळायचं. मी स्वतः आणायचे. पहिल्या महिन्यात चेहरा असा उजळला की ठिपकेही दिसेनात. मग उन्हात गेलं की गाल लाल व्हायला लागले. क्रीम एक दिवस चुकलं तर आग. शेवटी शेवटी साध्या पाण्यानेही चुरचुरायचं. मी म्हणायचे, "बघ, किती सेन्सिटिव्ह आहे तुझी स्किन," आणि नवी ट्यूब आणायचे.

नोकरी लागून ती पुण्याला गेली आणि स्वतःच्या पैशांनी तिने एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली. मला फक्त कळवलं. मी साताऱ्याहून एसटीने गेले ती तिला सोबत करायला नव्हे, थांबवायला. काय काय बोलायचं ते बसमध्ये मनात जुळवून ठेवलं होतं. समोरची बाई लेझर विकणार, मी हाणून पाडणार.

डॉक्टर माझ्याच वयाच्या. त्यांनी भिंगातून तिचे गाल बराच वेळ पाहिले. मग विचारलं, "तोंडाला काय काय लावतेस?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून ट्यूब काढून दिली, थोड्या अभिमानानेच, कारण त्या महिन्याची नवी मीच आणली होती. डॉक्टरांनी ती उलटी केली आणि बारीक अक्षरांवर नख ठेवून वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. शेवटचं स्टिरॉइड. रोज चेहऱ्याला लावलं की त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ऊन सोसत नाही, आणि चेहऱ्यावरची लव वाढूही शकते. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. मला ती कुणीही, कधीही, चिठ्ठी न मागता दिली होती.

मग त्या म्हणाल्या, "आज लेझर करायचं नाही. आधी ही त्वचा बरी व्हायला हवी. काही महिने जातील."

माझं मन तिथे बदललं. लेझरची माहिती मला अजून काहीच नव्हती. पण जिच्याशी भांडायला आले होते ती बाई विकत काहीच नव्हती. उलट त्या दिवशीचं गिऱ्हाईक तिने परत पाठवलं. आणि इतकी वर्षं मुलीच्या ज्या नाजूक त्वचेची ढाल करून मी लढत होते, तो नाजूकपणा निम्मा तरी मी ट्यूबमधून घरी आणलेला होता. ज्याची मला भीती होती ते कधी तिच्या चेहऱ्याला लागलंच नव्हतं. ज्यावर माझा विश्वास होता त्याने तो चेहरा सोलून ठेवला होता. मला तिथल्या खुर्चीवर बसवेना.

तरी मी विचारलंच, "पण डॉक्टर, कॅन्सर?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एक्स-रे वेगळा, हा वेगळा. एक्स-रेमध्ये पेशीतला डीएनए मोडण्याची ताकद असते, केस काढायच्या लेझरचा प्रकाश नुसती उष्णता देतो. नंतर वाचताना कळलं की 1920च्या दशकात अमेरिकेत 'ट्रायको' नावाच्या यंत्राने बायकांच्या चेहऱ्यावरचे केस खरोखरच एक्स-रेने काढत असत, आणि त्यातल्या अनेकींना पुढे त्वचेचे व्रण आणि कॅन्सर झाले. तेव्हा लेझर जन्मालाही आला नव्हता. पहिला लेझर 1960चा. त्या बायकांची हकिगत वाचून माझी भीती पूर्वी नव्हती इतकी खरी झाली, फक्त तिचा पत्ता बदलला.

सावळ्या त्वचेचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो डॉक्टरांनी लपवला नाही. केसातला काळा रंग प्रकाश शोषतो, तापतो, आणि मूळ जळतं. पण तोच रंग आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही असतो, तोही तापतो. नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश नेमका तेवढाच वेळ दिला तर हवं तेच जाळता येतं, आजूबाजूचं वाचवता येतं, हा सिद्धान्त रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली मांडला. आजचे त्वचेचे लेझर त्यावरच उभे आहेत. गोऱ्या कातडीवर 755 नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट चालून जातो. आपल्याकडच्या गडद रंगाला 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग जास्त सुरक्षित, कारण तो वरच्या थरातल्या रंगात कमी अडकतो आणि खोल जातो. दुखतो मात्र थोडा जास्त, आणि बारीक केसांवर त्याचा जोर कमी चालतो.

क्रीम हळूहळू सुटलं. अधेमध्ये चेहरा इतका भडकायचा की मुलगी फोनवर रडायची. सनस्क्रीन, साधं मॉइश्चरायझर, दुसरं काही नाही. संप्रेरकांच्या तपासण्या झाल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांची औषधं सुरू झाली. मग एकदाचा टेस्ट पॅच घ्यायचा ठरला आणि मी परत गेले. या वेळी सोबत म्हणून.

जबड्याखाली, सहज दिसणार नाही अशी रुपयाच्या नाण्याएवढी जागा. केस आदल्या दिवशी रेझरने काढलेले, उपटलेले नाहीत, कारण मूळ जागेवर नसेल तर प्रकाशाने जाळायचं काय? डोळ्यांना जाड गॉगल, मलाही. थंडगार जेल. हँडपीस टेकला, एक टिक असा आवाज, आणि जळक्या केसाचा वास. मुलीने माझा हात धरला आणि लगेच सोडला. "रबरबँड लागल्यासारखं," म्हणाली. थोड्या वेळाने प्रत्येक मुळाभोवती सुईच्या टोकाएवढा लालसर फुगवटा दिसायला लागला. मी घाबरले. डॉक्टर म्हणाल्या, हेच दिसायला हवं. फोड आला असता तर यंत्राचा जोर कमी करावा लागला असता. त्यांनी आकडे कागदावर लिहून ठेवले. संध्याकाळपर्यंत फुगवटे उतरले. पुढच्या दिवसांत डाग उठला नाही. गालावरच्या बारीक लवेला मात्र त्यांनी हात लावला नाही. चेहऱ्यावर, विशेषतः संप्रेरकांचा त्रास असलेल्या मुलींत, लेझरने बारीक लव उलट जाड होण्याचा धोका असतो.

परतताना मुलगी मला सोडायला स्वारगेटपर्यंत आली. बसची वाट बघताना तिने सांगितलं की कॉलेजची सगळी वर्षं ती पहाटे उठून, कडी लावून हनुवटी साफ करायची. त्या पहाटेचा बाथरूमचा दिवा मला माहीत होता. मला वाटायचं ती अभ्यासाला उठते. मी ते नातेवाइकांना कौतुकाने सांगत असे. एका छपराखाली राहून मी इतकी आंधळी होते, आणि तिच्या गरजेला नाद म्हणत होते.

साधारण सहा ते आठ वेळा, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने लेझर घ्यावा लागतो, कारण एका वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात. 'कायमचे केस घालवा' ही जाहिरात खोटी आहे. केस बरेच कमी होतात, मऊ होतात, आणि पीसीओडी असेल तर अधूनमधून पुन्हा जावं लागतं. पांढऱ्या केसांवर काहीच चालत नाही. तिचे केस खूपच कमी झाले, सगळे गेले नाहीत. चेहरा आता पाण्याने चुरचुरत नाही.

मागच्या महिन्यात हनुवटीखाली चार-पाच केस दिसले तेव्हा मीच म्हणाले, "अजून एकदा जाऊन ये ना." ती म्हणाली, "नको आई, एवढे राहू दे. मला चालतात." मला ते लगेच चाललं नाही. मी पुढे काही बोलले नाही, पण रात्री विचार करत पडले: तेव्हा नको म्हणताना आणि आता जा म्हणताना, मी तिला काय हवंय हे दोन्ही वेळा विचारलंच नव्हतं.