चार हजारांचा रिमोट आणि पाळीची धूळ

गोव्यात साखळीला माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, घर पाळीला. टीव्ही आता कोणी दुरुस्त करत नाही, फेकून नवा आणतात. त्या जागी काही वर्षांपासून हॉबी रिमोट यायला लागले. विमानं, ड्रोन, चवथीचे हलते देखावे, सगळं त्यावर चालतं. बहुतेकांकडे फ्लायस्कायचा एफएस-आय-सिक्स असतो. सहा चॅनल, २.४ गिगाहर्ट्झ, चार पेन्सिल सेल, आणि चार-पाच हजारांत रिसीव्हरसकट हातात. इंजिनीअरिंगच्या पोरांना एवढंच परवडतं, आणि खरं सांगायचं तर एवढंच पुरतं.

दिवाळीच्या तोंडावर गावातली नरकासुराचा पुतळा करणारी पोरं असाच एक रिमोट घेऊन आली. हल्ली नुसता उभा नरकासुर कोणी बघत नाही. त्याची मान वळली पाहिजे, डोळे फिरले पाहिजेत, जीभ बाहेर आली पाहिजे. हातासाठी ट्रकच्या वायपरची मोटर, बारीक हालचालींना सर्व्हो. सगळं बांधून तयार, आणि रिमोट चालू केला की पडद्यावर एकच इशारा: सगळे स्विच वर करा, थ्रॉटल खाली घ्या. त्यापुढे जाईच ना.

"काका, स्विच सगळे वयर आसात, थ्रॉटल सकयल आसा, तरी तेंच म्हणटा!"

पोरं खोटं बोलत नव्हती. स्टिक तळाला टेकलेली दिसत होती. पण रिमोटला स्टिक दिसत नाही, त्याला फक्त व्होल्टेज दिसतं. प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक उभ्या हालचालीला, एक आडव्या. आपण दुकानात त्याला पॉट म्हणतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जो खरखर करतो तोच हा भाग, नुसता आकाराने लहान. स्टिक हलली की पॉटवरून येणारं व्होल्टेज बदलतं, आतली चिप त्याचा आकडा करते. बारा बिटांची मोजणी धरली तर ० ते ४०९५. स्टिकचा तळ, मध्य आणि टोक या तीन जागांचे आकडे रिमोटच्या स्मृतीत लिहून ठेवलेले असतात. त्यांच्या आधारे तो रिसीव्हरमार्फत सर्व्होला १००० पासून २००० मायक्रोसेकंदांपर्यंतचा स्पंद पाठवतो, मध्याला १५००. हे तीन आकडे लिहिणं म्हणजेच कॅलिब्रेशन. लिहिलेला तळ आणि आज मिळणारा तळ जुळला नाही, की स्टिक खाली असूनही रिमोट म्हणतो, खाली घ्या. तो सुरक्षेसाठीच अडतो, आणि बरंच आहे. थ्रॉटल अर्ध्यावर असताना विमानाचा पंखा अचानक फिरला तर बोट जाईल.

पोरांनी मोबाइलवर बघून कॅलिब्रेशन करून टाकायचं ठरवलं होतं. या रिमोटवर ते साध्या मेनूत सापडत नाही. दोन्ही स्टिक ठरावीक कोपऱ्यात धरून रिमोट चालू करावा लागतो. मी म्हटलं, थांबा, आधी पाठ उघडू.

मागचे स्क्रू काढले आणि झाकण अलगद उचललं. दोन्ही गिंबलांवर, म्हणजे स्टिकच्या सांगाड्यांवर, लाल पूड बसली होती. सांध्यांत, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत, पॉटच्या फटीत. आमच्या भागात ही लोहखनिजाची पूड ओळखायला भिंग लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ चालल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक थांबले तरी वर्षानुवर्षं कौलांवर, आंब्याच्या पानांवर आणि रस्त्याकडेला बसलेली पूड थोडीच एका हुकमाने जाते! त्यावर चार महिने पावसाची दमट हवा. अशा पॉटमध्ये आतली पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा काटा यांच्यामध्ये कण अडकतात. आकडा एका जागी ठरत नाही, उड्या मारतो. यात बनवणाऱ्याचा दोष मी धरत नाही. एवढ्या किमतीत बंद कप्प्यातले, चुंबकावर चालणारे हॉल सेन्सरचे गिंबल मागणं म्हणजे जरा जास्तच झालं.

आणि म्हणून क्रम महत्त्वाचा. पॉट खरखरत असताना कॅलिब्रेशन केलंत तर तुम्ही धुळीचाच आकडा स्मृतीत लिहिता. मऊ ब्रशने पूड काढली, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा, मग स्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो. फवारा पूर्ण वाळू दिला. त्यानंतरच कॅलिब्रेशन. मध्याची नोंद घेताना स्टिक बोटाने मध्यावर धरू नये, सोडून द्यावी, म्हणजे स्प्रिंग तिला जिथे आणते तोच खरा मध्य. टोकाला नेताना हळू न्यावी, दाबू नये. प्लास्टिक वाकवून मिळवलेलं टोक उडवताना परत मिळत नाही.

रिमोट सुरळीत पुढे गेला. मग मेनूतल्या डिस्प्ले या पानावर चॅनलच्या पट्ट्या बघितल्या. इथे माझी एक खोड आहे: स्टिक उजवीकडून सोडायची, मग डावीकडून सोडायची, आणि पट्टी दोन्ही वेळा त्याच जागी थांबते का ते बघायचं. थोडा फरक राहिला तर तो पॉटचा किंवा स्प्रिंगचा, कॅलिब्रेशनचा नव्हे. बरेच जण तो सबट्रिमने झाकतात. मला ते पटत नाही. सबट्रिम सर्व्होचा हात सरळ करायला आहे, झिजलेला पॉट लपवायला नाही. आणि या रिमोटवर कुठलाही बदल टिकवायचा तर कॅन्सलचं बटण दाबून धरावं लागतं. नाव कॅन्सल, काम सेव्हचं! "सेटिंग राहत नाही" अशा निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग पोरांचा दुसरा विषय निघाला, फर्मवेअर. सहा चॅनल त्यांना अपुरे होते, आणि याच रिमोटला हौशी लोकांनी बदललेलं दहा चॅनलचं फर्मवेअर मिळतं हे त्यांना कळलं होतं. खरं आहे. मागच्या चार पायांच्या गोल खोबणीत ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल लावायची आणि लॅपटॉपवरून चढवायचं. आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर आणि रिमोटमध्ये नवे सेल. फर्मवेअर नीट चढलं. पण सहा पिनांच्या रिसीव्हरला दहा पिना फुटत नाहीत. वाढीव चॅनल बाहेर येतात ते रिसीव्हरच्या आयबसच्या एकाच तारेतून, आणि त्यासाठी आयबस असलेला, आयए-सिक्स-बीसारखा रिसीव्हर हवा. ड्रोनचा फ्लाइट कंट्रोलर ती तार थेट वाचतो. नरकासुराच्या डोळ्यांना मात्र मधे आर्डुइनोचा छोटा बोर्ड घालावा लागला. वायपर मोटरची वीज वेगळी ठेवली, ग्राउंडची तार मात्र एक केली. पहाटे जाळण्याआधी रिसीव्हर, बोर्ड आणि सर्व्हो काढून घ्यायला पोरं विसरली नाहीत, हे त्यांचं कौतुक.

फर्मवेअरबद्दल माझं मत मोजकं आहे. कारण असेल तर बदला: जादा चॅनल, टायमर, रिचार्जेबल सेलना साजेसा बॅटरीचा इशारा. नुसतं नवीन आहे म्हणून बदलू नका, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही. थोडे पैसे जास्त असतील त्याने २०२१ मध्ये ओपनटीएक्समधून निघालेल्या एजटीएक्सवर चालणारा रिमोट घ्यावा. तिथे कॅलिब्रेशन उघड मेनूत असतं आणि सुधारणा नियमित येतात. शिकणाऱ्याला मात्र स्वस्त रिमोटच जास्त शिकवतो, असं मला वाटतं.

भात कापून शेतं मोकळी झाली की हाच रिमोट थर्माकोलच्या विमानाला लागतो. पेडण्याच्या बाजूची पोरं येतात त्यांना मी आधी विचारतो, कुठे उडवणार? तिथल्या मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात, आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते.

कॅलिब्रेशन किंवा फर्मवेअर, काहीही बदललं असेल तर फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर थांबवण्याची सोय, पुन्हा लावून घ्या. तपासायला वेळ लागत नाही: विमानाचा पंखा काढा, थ्रॉटल थोडा वर घ्या आणि रिमोट बंद करा. मोटर थांबली नाही, तर त्या दिवशी विमान घरीच ठेवा.